पाठ लावून घेणारा पैलवान : नागपुरातल्या एका प्रमोटरचं प्रकरण

महाल भागातल्या आखाड्यात तो नऊ वर्षांचा असताना उतरला, तेव्हा उस्तादांनी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती पाठीची. हात सुटला चालेल, पट निघाला चालेल, पाठ मातीला लागता कामा नये. पुढची तेरा-चौदा वर्षं त्याच्या मानेनं, खांद्यांनी आणि कमरेनं तेवढंच गिरवलं. खाली सापडला तरी डोकं मातीत रोवायचा, अंग कमानीसारखं वर धरायचा आणि वरचा दमेपर्यंत तसाच राहायचा. पुढे उत्तरेतल्या एका अकादमीत प्रो-रेसलिंग, म्हणजे टीव्हीवर दिसतो तो निकाल आधीच ठरलेला खेळ, शिकायला गेला, तर तिथे पहिल्याच सकाळी प्रशिक्षकानं सांगितलं, मागे पाठीवर पड. पन्नास वेळा पड. त्यातल्या पहिल्या तीसेक वेळा अंग ऐकेचना, असं तो सांगतो. मन पडायला तयार असायचं, पण हवेत असतानाच शरीर आपोआप वळायचं आणि तो पोटावर यायचा.

मी त्याच्याच आखाड्यातला. माझी कुस्ती लवकर सुटली. आता गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. त्याचेही मीच लिहिले, पहिल्या तोट्यापासून आजपर्यंत. हे प्रकरण त्याच्या परवानगीनं मांडतोय, नाव मात्र गाळतोय, कारण त्याच्याबरोबर राबणाऱ्या पोरांची घरं आहेत, सोयरिकी व्हायच्या आहेत. इथे त्याला पैलवानच म्हणतो. मांडण्याचं कारण एवढंच, की विदर्भातली बरीच पोरं आता मला फोन करून विचारतात, "दादा, शो करायचा आहे, खर्च किती येतो?" प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो, आणि पैलवानानंही तो तसाच विचारला होता.

मातीतून रिंगमध्ये

१९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा कुणाच्या खांद्यावर गेली ते पाहिलं तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुण्याकडच्या तालमींचा वरचष्मा दिसतो. तिथे वस्ताद आहेत, खुराकाला हात देणारं गाव आहे, वर्षभर जत्रांची मैदानं आहेत. आपल्याकडचं पोरगं नागपंचमीच्या दंगलीत चार हजारांची जोड मारतं आणि महिन्याच्या बदाम-तुपातच ते पैसे जातात. पैलवान विदर्भ पातळीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. घरी धाकटी भावंडं, वडिलांची इतवारीत हमाली. खुराक की किराणा, असा प्रश्न दर महिन्याला यायचा.

२०१२ साली कलर्स वाहिनीवर 'रिंग का किंग' लागायचं. एका अमेरिकन कंपनीनं भारतासाठी काढलेली ती मालिका, आणि चित्रीकरण झालेलं पुण्यात, बालेवाडीला. पुण्यात हे होऊ शकतं, हे त्यानं तेव्हा पाहिलं. लहानपणी आम्ही सगळेच डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) पत्त्यांवर उंची-वजनाच्या पैजा लावून खेळलो होतो, पण पत्त्यावरचा माणूस कधी पुण्यात येईल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. २०१५ मध्ये द ग्रेट खलीनं जालंधरला आपली अकादमी काढली, आणि हा धंदा शिकायला विमानात बसावं लागत नाही हे हरियाणा-पंजाबातल्या पोरांना कळलं. तिथेच शिकलेली कविता देवी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये सलवार-कमीज घालून उतरली. पैलवान त्याच लाटेत उत्तरेला गेला, दुसऱ्या एका अकादमीत.

खरं तर हा खेळ आपल्याकडे नवा नाही. दारासिंग १९५९ मध्ये कोलकात्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून कॉमनवेल्थ विजेता झाला, १९६८ मध्ये मुंबईत त्यानं लू थेझला हरवलं, ते सगळं याच जातीचं. तेव्हा त्याला 'फ्रीस्टाइल' म्हणत. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल वेगळी, पण आपल्या आजोबांच्या तोंडी हा शब्द दारासिंग आणि किंगकाँगसाठीच होता. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

पडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा धंदा त्या एका क्रियेवर उभा आहे. तिला 'बम्प' म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, नाहीतर डोक्याची मागची बाजू आपटते. श्वास आधीच सोडून द्यायचा. वरची अख्खी पाठ एकाच क्षणी टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही तळवे फळीवर सपाट मारायचे, म्हणजे धक्का वाटला जातो आणि मागच्या खुर्चीपर्यंत आवाज जातो. त्यातलं एक जरी चुकलं तरी मणका, कोपर किंवा खांदा जातो. सराव झाला की लागत नाही असं अजिबात नाही. लागतंच, रोज लागतं, फक्त मोडत नाही. सकाळी पैलवानाला चहाचा कप उचलताना मी पाहिलंय. मनगट वळवायला त्याला दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागतो.

शिकून परत आल्यावर तो उस्तादांच्या पाया पडायला गेला. मी बरोबर होतो. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतके वर्सं पाठ वाचवाले शिकवलं तुले, अन् आता पैसे घेऊन पाठ लावून घेतं?" आवाजात राग नव्हता, खरोखर समजून घ्यायचं होतं. पैलवान गप्प बसला. लोक नेमके कशाचे पैसे देतात, हे त्यालाही तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढची चार वर्षं तो स्वतंत्र खेळाडू म्हणून फिरला. कंपनीचा करार नाही, पगार नाही. फोन आला की जायचं. दिल्लीकडचे मॉल, पंजाबातले मेळे, एकदा हैदराबादला एका खासगी कार्यक्रमात. स्लीपरचं तिकीट बहुतेक वेळा स्वतःचं, पोशाख स्वतःचा, गुडघ्याची पट्टी स्वतःची. खेळ झाल्यावर बाहेर टेबल लावून टी-शर्ट विकायचे, कधी कधी मानधनापेक्षा जास्त पैसे त्या टेबलावरच मिळायचे. दोन आयोजकांनी खेळ झाल्यावर हिशेब लावतो म्हणून सांगितलं आणि फोन उचलणं बंद केलं. लॉकडाऊनच्या काळात एकही खेळ नव्हता, तेव्हा तो शाळेची व्हॅन सोडून भाजीची गाडी चालवत होता. याच दिवसांत त्याच्या मनानं घेतलं, की दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपणच खेळ लावायचा.

लॉनवरचा रविवार

२०२२ च्या डिसेंबरात रिंग रोडवरच्या एका लॉनवर त्याचा पहिला शो झाला. नागपूरकरांना लॉन म्हणजे काय ते सांगायला नको, लग्नाची जागा. स्टेज तयार, खुर्च्या तयार, गाड्या लावायला जागा. लग्नाची तारीख नसलेला रविवार त्याला बऱ्या भावात मिळाला. तिकीट २०० आणि ४०० रुपये. ५०० च्या आतल्या तिकिटावर प्रवेशाचा जीएसटी लागत नाही, म्हणून ते मीच सुचवलं होतं.

पैसे कसे उभे केले? एका पतसंस्थेचं कर्ज, थोडे भावाकडून, आणि एका प्रायोजकाचा शब्द. प्रायोजक आठ दिवस आधी मागे सरला. पोस्टर तोवर लागली होती. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'कुस्ती' लिहिलं होतं, कारण लोकांना तोच शब्द कळतो असं त्याला वाटलं. मीही हरकत घेतली नाही. त्या शब्दानं काय होईल याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

नंतर पास. इव्हेंटवाल्यांना हा रोग माहीत आहे, पण पहिल्यांदा अंगावर येतो तेव्हा माणूस गांगरतो. परवानगीच्या कागदासाठी जिथे जिथे गेलो तिथे घरच्यांसाठी दहा, मित्रांसाठी वीस अशी मागणी आली. वस्तीतल्या एका पुढाऱ्याच्या माणसानं सरळ पन्नास मागितले. शेवटी २४० पास गेले, आणि पहिल्या तीन रांगा त्यांच्याच होत्या.

रिंग एका बॉक्सिंग क्लबकडून भाड्यानं आणली होती. दिसायला रिंग ती रिंगच, पण दोहोंत फरक आहे. बॉक्सिंगच्या रिंगला दोर चार, रेसलिंगला तीन. महत्त्वाचं म्हणजे बॉक्सिंगच्या रिंगची जमीन कडक असते, कारण पायाखाली घट्ट आधार लागतो. रेसलिंगच्या रिंगला खालून लवचीकपणा लागतो, फळ्या दबल्या पाहिजेत. पैलवानाला हे कळत होतं. पोरांना त्यानं सांगितलंही, की उंचावरून उड्या घेऊ नका. पण तीनशे लोक शिट्ट्या मारत असले की एकोणीस वर्षांचं पोरगं सूचना विसरतं. दुसऱ्याच जोडीत कामठीकडचा एक मुलगा दोरावरून मागे आला आणि खांद्यावर पडला. मी रिंगपासून दहा फुटांवर गल्ला घेऊन बसलो होतो. फांदी मोडावी तसा आवाज आला. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं हासळीचं हाड मोडलं होतं, आणि तो टाळ्या थांबेपर्यंत तसाच पडून राहिला, कारण शिकताना त्याला सांगितलं होतं की काही झालं तरी खेळ सोडायचा नाही.

प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. त्यांच्याशिवाय सुरुवात करू नये, असं आम्हाला सुचवण्यात आलं होतं. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंतच चालतो, हा नियम २००० सालापासूनचा. पावणेदहाला बंदोबस्तावरच्या पोलिसांनी घड्याळ दाखवलं. पंचवीस मिनिटांची शेवटची जोड सहा मिनिटांत आटपावी लागली. पैलवान स्वतःच त्या जोडीत होता, चॅम्पियन म्हणून. दोन डाव, एक उडी, तीन आकडे, संपलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, नुरा कुस्ती हाये ही!" नुरा म्हणजे आपसांत ठरवून केलेली, खोटी. मग आखाड्यातली पोरं उभी राहिली, आणि त्यांच्यामागे बाकीचे. पैसे परत मागितले गेले. काहींना आम्ही दिलेही.

हिशेब

दुसऱ्या दिवशी मी जमाखर्च लिहायला बसलो. लॉनचं भाडं, रिंग, साउंड, लाइट, जनरेटर, पोस्टर, उत्तरेतून आलेल्या दहा जणांचा प्रवास आणि स्टेशनजवळच्या लॉजचा मुक्काम, त्यांचं मानधन, परवानग्या, विमा न घेतल्यामुळे अंगावर आलेला दवाखाना. सगळं मिळून ३ लाख ४० हजार. तिकिटं विकली गेली ३१०, सरासरी २६० रुपयांनी ८० हजार ६००. टी-शर्टचे ९ हजार ४००. म्हणजे जमा ९० हजार आणि तोटा अडीच लाख.

पैलवान म्हणाला, "लोक आले असते तर निघालं असतं रे." मी त्याच्यासमोर कागद ठेवला. लॉनवर खुर्च्या होत्या ९००. प्रत्येक खुर्चीवर तिकीट काढलेला माणूस बसला असता, एकही पास गेला नसता, तरी जमा होणार होते २ लाख ३४ हजार. लॉन खचाखच भरलं असतं तरी लाखाचा खड्डा होताच. हा तोटा पोस्टर छापायच्या आधीच झालेला होता, घंटा वाजली तेव्हा तो फक्त दिसला. प्रायोजकाच्या शब्दावर त्यानं तो झाकला होता, आणि शब्द गेल्यावर शो रद्द करायची हिंमत त्याच्यात नव्हती. हे मी त्याला दोष देऊन म्हणत नाही. नांगी टाकायची नाही, हे ज्याच्या अंगात मुरलं आहे त्याला "आज खेळायचं नाही" असं म्हणणं फार अवघड जातं. चांगल्या पैलवानाला चांगला आयोजक होताना सगळ्यात जास्त नडतं ते हेच, असं माझं मत झालंय.

कामठीच्या पोराच्या शस्त्रक्रियेचं बिल त्यानं भरलं. त्यासाठी स्वतःची मोटारसायकल विकली. बाकीच्या सगळ्या खेळाडूंचे पैसे खेळाच्या आधीच पाकिटात दिलेले होते, कारण आपल्याबरोबर जे झालं ते त्याला दुसऱ्याबरोबर करायचं नव्हतं. एवढी एक गोष्ट त्या शोमध्ये बरोबर झाली, आणि त्यामुळेच पुढे पोरं त्याच्याबरोबर राहिली.

उस्तादांनी आठवडाभरानं बोलावलं. आखाड्याच्या पोरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. म्हणाले, "खेळ कर. मेहनत हाये, मी पाहून आलो. पन त्याले कुस्ती नको म्हनू." ते शोला येऊन गेले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिकीट काढून, मागच्या रांगेत.

झाडीपट्टीची सुपारी

त्या शोचा साउंडवाला ब्रह्मपुरीकडचा होता. त्याचेही काही पैसे राहिले होते. ते घ्यायला आला तेव्हा त्यानं सहज सांगितलं, की आमच्याकडे नाटकवाले तिकिटं विकत नाहीत, सुपारी घेतात.

ज्यांनी झाडीपट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. दंडार हे लोकनाट्य असतं, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असते, आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं ठाणं. गावातलं मंडळ कंपनीला ठरावीक रकमेवर बोलावतं, मांडव घालतं, तिकिटं विकतं, आणि उरलं तर गावाच्या कामाला लावतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. नागपूरपासून काही तासांवर नाटकांची एवढी मोठी उलाढाल होते आणि आम्ही नागपूरकर तिकडे ढुंकून पाहत नाही, याची मला आज लाज वाटते. शंकरपटावरची बंदी उठून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केल्यावर तर मंडईला पुन्हा पहिल्यासारखी गर्दी व्हायला लागली होती.

पैलवान आणि मी साउंडवाल्याच्या गाडीत बसून उमरेड, भिवापूर, नागभीड करत गेलो. पाच-सहा गावांतल्या मंडळांना भेटलो. एका अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि धंद्याचं बोलले: "नाटकाचा मांडव उभाच राहते. दुसऱ्या रात्री रिकामा असते. तुमचा खेळ लावून टाकू, पन बाप्पा, आमच्या लोकायले समजलं पाह्यजे."

त्या वाक्यात सगळं गणित होतं. मांडवाचा, लाइटचा, खुर्च्यांचा खर्च नाटकानं उचललेला. दुसऱ्या रात्रीसाठी मंडळाला फक्त आमची सुपारी आणि वीज द्यायची. रिकाम्या खुर्चीची जोखीम मंडळाकडे, आणि मंडळाला ती पेलते, कारण तिकीट विकणारा प्रत्येक जण गावातल्या प्रत्येक घराला ओळखतो. नागपुरात आम्ही अनोळखी लोकांना पोस्टरनं बोलावत होतो.

सुपारी ठरली ७० हजार. इसार आधी, बाकी खेळाच्या रात्री. जेवण-मुक्काम मंडळाकडे. आमचा खर्च असा बसला: टाटा ४०७ चं भाडं-डिझेल ९ हजार, आठ खेळाडू मिळून २४ हजार, पंच आणि निवेदक मिळून ४ हजार, रिंग लावणारे चार हात ३ हजार २००, किरकोळ ४ हजार, आणि सुपारीच्या ५ टक्के म्हणजे ३ हजार ५०० दवाखान्यासाठी वेगळ्या खात्यात. उरले २२ हजार ३००. २०२३ च्या पहिल्या हंगामात ७ खेळ झाले. अजून कर्ज होतं, पण प्रत्येक खेळाला खड्डा वाढायच्या ऐवजी बुजत होता.

पोस्टरवर 'कुस्ती' हा शब्द आता नव्हता. 'फ्रीस्टाइलचा खेळ' असं लिहिलं, आणि गावातली म्हातारी माणसं आपणहून दारासिंगाच्या गोष्टी काढू लागली. खेळ सुरू होण्याआधी निवेदक माइकवर सांगायचा: मंडळी, निकाल ठरलेला आहे, पडणं खरं आहे. हे सांगावं की नाही यावर आमचा फार वाद झाला होता. या धंद्यात ते गुपित पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपलं गेलं. अमेरिकेत १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं न्यू जर्सी राज्यात आपण होऊन सांगितलं, की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कारण व्यवहारी होतं, क्रीडा आयोगाचं नियंत्रण आणि कर टाळायचे होते. तरी जुन्या खेळाडूंना तो घाव लागला. पैलवानालाही भीती होती, की सांगून टाकलं तर बघायला कोण बसेल?

पण झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर नाटक बघणारा. खलनायक घरी गेल्यावर भला माणूस असतो हे त्याला माहीत असतं, तरी तो रडतो, शिव्या देतो. नागपुरातले लोक आमच्या खेळाची तुलना आखाड्याशी करत होते, नाहीतर टीव्हीशी, आणि दोन्हीकडे आम्ही कमी पडत होतो. इथे तुलना नाटकाशी होती, आणि नाटकात कुणी खरोखर दोरावरून उडी मारत नाही. आम्ही पहिल्यांदाच योग्य माणसांसमोर उभे होतो.

पहिल्या गावात जे झालं ते सांगतो. आमच्यातला एक उंच पोरगा 'हील' व्हायचा, म्हणजे खलनायक. नागपुरात तो इंग्रजीत गुरगुरायचा, त्यावर कुणी वळूनही पाहत नसे. इथे साउंडवाल्यानं त्याच्या कानात एक वाक्य सांगितलं. पोरगा माइक घेऊन म्हणाला, "तुमच्या गावची जोडी काल पटावर खालून पहिली आली म्हने!" क्षणभर शांतता, आणि मग मांडव उठला. बायकांच्या बाजूनं जो आवाज आला तसा मी कुठल्याच दंगलीत ऐकला नव्हता. पुढची वीस मिनिटं त्या पोरानं नुसती मान वळवली तरी लोक पेटत होते. खेळ संपल्यावर मंडळाच्या लोकांनी त्याला बाकीच्यांबरोबर शाळेत न झोपवता गावाबाहेरच्या एका घरी नेऊन ठेवलं. सकाळी पहिल्या एसटीनं तो पुढे निघून गेला.

रिंग

पहिल्या हंगामाआधी रिंग बनवली. कामठी रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे पैलवान दोन महिने संध्याकाळी जाऊन बसायचा. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फुटांची असते, गावच्या मांडवात ती मावत नाही, म्हणून १६ बाय १६ ठरली. चार कोपऱ्यांना जाड पाइपचे खांब, मध्ये आडवे-उभे चॅनल. चॅनल जिथे एकमेकांना छेदतात तिथे खाली भंगारातून आणलेले ट्रकचे कमानपाटे. त्यावर फळ्या, फळ्यांवर आखाड्यातल्या जुन्या मॅटचे तुकडे, वरून ताणून बांधलेला कॅनव्हास. दोर म्हणजे बागेच्या पाइपातून ओवलेली स्टीलची वायर, वरून टेप, आणि टोकाला टर्नबकल.

पहिला पाटा फार कडक निघाला, दुसरा इतका मऊ की पळताना पाय खोल जायचा. तिसऱ्या वेळी पैलवान मध्यभागी उभा राहिला, डोळे मिटले आणि मागे पडला. मग उठला, पुन्हा पडला. सात-आठ वेळा. वेल्डिंगवाला हातातलं काम सोडून बघत राहिला. "आता बरोबर आहे," तो पडल्या पडल्याच म्हणाला. सहा माणसं तीन तासांत ती रिंग उभी करतात, आणि सुटी करून ४०७ मध्ये बसते.

चॅम्पियन कोण

एक गोष्ट मात्र दुसऱ्या हंगामापर्यंत सुटली नाही. प्रत्येक गावात शेवटची जोड पैलवानाची आणि पट्टा पैलवानाकडे. खेळाडू जिथे मालक होतो तिथे हे होतंच. जपानमध्ये अँटोनियो इनोकी आणि जायंट बाबा यांनी १९७२ मध्ये आपापल्या कंपन्या काढल्या आणि दोघेही आपापल्या कंपनीचे सगळ्यात मोठे नट राहिले, तिथे ते चाललं. अमेरिकेत मिनियापोलिसला व्हर्न गॅनियानं १९६० मध्ये एडब्ल्यूए ही कंपनी उभी केली, उत्तम कुस्तीगीर माणूस, पण १९८१ मध्ये निवृत्त झाला तोही चॅम्पियन म्हणूनच, पन्नाशी उलटल्यावर. हल्क होगन त्याच्याकडे होता, लोक त्याच्यासाठी वेडे झाले होते, पण खरा पट्टा त्याच्या कमरेला लागला नाही. १९८३ च्या अखेरीस होगन डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेला. १९९१ मध्ये एडब्ल्यूए बंद पडली. त्याला इतरही कारणं होती, पण हे एक होतंच.

ही हकीकत मी पैलवानाला सांगितली तेव्हा तो चिडला. "मी पट्टा सोडला तर मंडळ सुपारी कमी करेल," म्हणाला. मी त्याच्यासमोर गल्ल्याची वही ठेवली. टी-शर्टच्या टेबलावर त्याच्या नावाचे कमी आणि भंडाऱ्याच्या एका पोराचे दुप्पट गेले होते. हे पोरगं हवेतून कोलांटी मारायचं आणि झाडीबोलीत बोलायचं. वहीबद्दल तो काहीच बोलला नाही. दोन आठवड्यांनी पवनीकडच्या एका गावात त्यानं जोडीआधी त्या पोराला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं. शेवटी पोरानं त्याला उचललं, आणि पैलवान सगळी पाठ एकदम लावून पडला. हनुवटी छातीला, तळवे सपाट. पंचानं तीन मोजले. मांडवातला आवाज बराच वेळ थांबला नाही, आणि तोही उठला नाही. पोराला सगळीकडे फिरून पट्टा दाखवता यावा म्हणून.

रात्री दीडला रिंग सुटी होत होती. कामठीचा पोरगा आता पंच आहे, हात पूर्ण वर जात नाही त्याचा, पण मोजायला पुरतो. तो नट-बोल्ट डब्यात भरत होता. मंडळाचे खजिनदार दहा-वीसच्या नोटांचे गठ्ठे कॅनव्हासवर मांडत होते, मी मोजत होतो. शेवटचा गठ्ठा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्सीची तारीख लिहून घ्या न. भाऊबीजेनंतर चवथा दिवस. आन तो भंडाऱ्याचा पोरगा पाह्यजेच." पैलवान पाठीला बर्फाची पिशवी लावून फळ्यांच्या ढिगावर बसला होता. तिथूनच त्यानं मला हातानं खूण केली, लिही म्हणून.